हजारो एकरांच्या कॅम्पसवर आपली जागा कशी सापडते?

रानजाई

दरवर्षी प्रवेश सुरू झाले की नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे निरोप मला येऊ लागतात. होस्टेल कुठलं मागू, सायकल घेऊ का, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, असे साधे प्रश्न असतात आणि उत्तरंही साधीच असतात. सेमिस्टर अर्धं सरलं की त्यांच्यातल्याच काही जणांचा पुन्हा निरोप येतो. "ताई, इथे इतकी माणसं आहेत, पण दिवस दिवस कुणाशी बोलणंच होत नाही." हा धागा या दुसऱ्या निरोपासाठी काढते आहे.

पदवीपर्यंत मी एका इमारतीच्या कॉलेजात शिकले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे नावाने हाक मारत. संशोधनासाठी जिथे आले तिथे विभागातून होस्टेलवर चालत यायचं तर अर्धा तास लागतो. तेव्हापासून इथेच आहे. नव्या मुलांचं काय होतं ते दर वर्षी जवळून बघते.

मोठं म्हणजे किती मोठं? काशी हिंदू विद्यापीठाचा मुख्य परिसर साधारण १३०० एकर, आयआयटी खरगपूर २१०० एकर, हैदराबाद विद्यापीठ २३०० एकरांच्या आसपास. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड तर ८१८० एकरांवर पसरलंय. आकडे ऐकून छाती दडपते. पण माणूस सहज चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर जातो. दोन लेक्चरांमध्ये दहा मिनिटं असतील तर ८०० मीटर झाले. त्यापलीकडची इमारत तुमच्या रोजच्या दिवसात येतच नाही. नकाशावर दिसतो तेवढ्या कॅम्पसमध्ये कुणीच राहत नाही. प्रत्येकाचा खरा कॅम्पस म्हणजे होस्टेल, विभाग, लायब्ररी आणि त्यांना जोडणारे दोन-चार रस्ते.

माझं म्हणणं असं की हा छोटा कॅम्पस ठरवून निवडावा. नाही निवडला तर वेळापत्रक आणि होस्टेलची यादी तो तुमच्यासाठी निवडते, आणि त्यात माणसं असतीलच याची खात्री नाही.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. १९५० साली लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धावरून परतलेले विवाहित विद्यार्थी तिथे राहत. शेजारी त्यांनी निवडलेले नव्हते, घर मिळेल तसे ते राहायला आले होते. एका भागात, जिथे एका मजल्यावर पाच घरं होती, तिथे लगतच्या दाराशी मैत्री निघण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, एक दार सोडून पलीकडे २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १० टक्के. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या, कारण वरची माणसं रोज त्यांच्या दारावरून जात. स्वभाव जुळतो की नाही हे कळायच्या आधी येणंजाणं घडावं लागतं.

म्हणून मी नव्यांना सांगते, लायब्ररीत रोज नवी जागा शोधू नका. एकच टेबल आणि एकच वेळ धरा. मेसमध्येही शक्यतो त्याच वेळेला जा. आठवडाभरात समोरचा माणूस ओळखीने मान हलवतो. मग एखाद दिवशी "जरा बॅगेकडे बघाल का, आलोच" म्हणतो. बोलायला सुरुवात इथूनच होते.

तुमचा कॅम्पस लहान कसा झाला ते लिहा. झालाच नसेल तर काय आड आलं तेही लिहा. त्याची जास्त गरज आहे.

पायवाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). वेळेचा मुद्दा अगदी पटला. जागा तीच पण वेळ रोज वेगळी, असं असेल तर उपयोग नाही.

माझी भर: पहिल्या आठवड्यात फोनमधला नकाशा बंद ठेवून चाला. नकाशा गाडीरस्ता दाखवतो आणि मुलं चालतात ती पायवाटेने, दोन इमारतींच्या मधून, मैदानाच्या कडेने, प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून. कुठून गेलं की कोण भेटतं हे त्या वाटांवरच कळतं. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००३ साली विद्यार्थ्यांसाठी नवी इमारत झाली, तेव्हा वास्तुरचनाकार रेम कूलहास यांनी मुलं त्या मोकळ्या जागेतून कशी चालत जातात त्याच्या रेघा काढल्या. इमारतीतले आतले रस्ते त्याच रेघांवर आले. एवढ्या नावाजलेल्या माणसाला आराखड्यापेक्षा मुलांचे पाय जास्त खरे वाटले याचं मला फार अप्रूप आहे.

अंकमोड

रानजाई, छान धागा. मी जरा गणिताच्या बाजूने लिहितो, कारण नव्या मुलांना वाटणाऱ्या परकेपणाचा एक भाग गणितातच आहे.

माहितीपत्रकात "वर्गात सरासरी ४८ विद्यार्थी" असं छापलेलं असतं. मुलगा येतो आणि बघतो तर वर्गात शेकडो जण. त्याला वाटतं आपली फसवणूक झाली, किंवा आपल्याच नशिबी मोठे वर्ग आले. समजा विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी २० विद्यार्थी आणि एकात ३००. एकूण ४८०, भागिले दहा, सरासरी ४८. माहितीपत्रक खरं बोलतंय. आता हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. ३०० जण म्हणतील "आमच्या वर्गात ३००", उरलेले १८० म्हणतील "२०". या उत्तरांची सरासरी काढा, १९५ येते. वर्ग मोजले तर ४८ आणि विद्यार्थी मोजले तर १९५. मोठ्या वर्गात जास्त माणसं असतात म्हणून मोठा वर्ग जास्त माणसांच्या वाट्याला येतो.

कॅम्पसच्या बसचंही तसंच. दिवसभरातल्या निम्म्या बस रिकाम्या धावत असल्या तरी बहुतेकांना आठवते ती खच्चून भरलेली बस, कारण बहुतेक जण त्याच बसमध्ये असतात.

म्हणून प्रवेश घेताना सरासरी विचारू नका. "पहिल्या वर्षी माझा एक तरी तास वीस-पंचवीस जणांचा असेल का?" हे विचारा. ट्यूटोरियल असो, प्रयोगशाळेची तुकडी असो, सेमिनार असो. तसा एक तास असेल तर रानजाई म्हणतात ते येणंजाणं तिथे आपोआप घडतं. नसेल तर एखादा छोटा इलेक्टिव्ह घ्या, आपल्या मुख्य विषयाशी त्याचा संबंध नसला तरी.

उद्याचा_विद्यार्थी

नमस्कार. मी आजवर नुसता वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. लवकरच एका मोठ्या विद्यापीठात पदवीसाठी जातोय. आमच्या घरातून विद्यापीठात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

दोन प्रश्न आहेत. होस्टेलच्या अर्जात एकट्याची खोली आणि दोघांची खोली असा पर्याय आहे. मी अबोल आहे, अभ्यास शांतपणे करायला आवडतो, म्हणून एकट्याची मागावी असं वाटतंय. आणि तीनशे जणांच्या वर्गात सरांना माझं नाव कधी कळणारच नाही का?

रानजाई

उद्याचा_विद्यार्थी, स्वागत. तू अबोल आहेस म्हणूनच पहिल्या वर्षी दोघांची खोली माग. बोलक्या मुलाला कुठलीही खोली चालते, तो बाहेर जाऊन माणसं गोळा करतो. अबोल मुलाला माणूस दारात यावा लागतो. रूममेटशी गट्टी झालीच पाहिजे असं काही नाही. त्याच्याकडे चार जण येतात, त्यांच्याशी तुझी तोंडओळख होते, आणि पुढे मेसमध्ये एकट्याने ताट घेऊन उभं राहायची वेळ येत नाही. शांततेसाठी लायब्ररी आहेच. दुसऱ्या वर्षी हवं तर खोली बदल.

खोलीचं दार जागेपणी थोडं उघडं ठेव. हे मी सगळ्यांनाच सांगते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथल्या शिक्षक मंडळींपैकी कुणी दिलं तर बरं.

कृष्णविवर

थोडा वेगळा सूर लावतो.

धाग्याचा रोख असा दिसतो की मोठेपणा ही अडचण आहे आणि तो लवकरात लवकर लहान करून टाकावा. मला उलटं वाटतं. मी ज्या जगातून आलो तिथे सगळे सगळ्यांना ओळखत. कुणाचा मुलगा, किती मार्क, कुणाबरोबर दिसतो, याची नोंद ठेवणारे डोळे चहूकडे. विद्यापीठात आलो आणि पहिल्यांदाच रस्त्याने चालताना माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. मला ते एकटेपण वाटलं नाही, मोकळेपण वाटलं. मी कोण आहे हे आधीच ठरवून बसलेलं माणूस तिथे एकही नव्हतं.

त्या मोकळेपणात मी काय केलं? माझा विषय अर्थशास्त्र. भूगर्भशास्त्र विभागाच्या फलकावर व्याख्यानाची सूचना दिसली म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. "तू कोण" असं कुणी विचारलं नाही. मग भाषाविज्ञान, मग गणिताचा इतिहास. खडकाचा तुकडा हातात धरून त्याचं वय कसं काढतात हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असताना शिकलो. मोठ्या विद्यापीठाचं हेच खरं धन आहे. एका आवारात शंभर विषय चालू असतात आणि बहुतेक दारं उघडी असतात. पहिल्याच महिन्यात आपलं एक टेबल, आपली चार माणसं, आपले दोन रस्ते असं आखून घेतलं तर ही दारं कोण ढकलणार?

पन्नास-साठ हजारांच्या गर्दीत अगदी आडवळणाच्या आवडीलाही सोबती मिळतो. तारे बघणारे, जुन्या लिप्या वाचणारे, फुलपाखरांची नोंद ठेवणारे, सगळ्यांचे गट असतात. छोट्या कॉलेजात अशी आवड असलेला मुलगा एकटाच असतो. त्याच्या आवडीचं दुसरं कुणी नसतं आणि तो तसा आहे हे मात्र सगळ्यांना माहीत असतं. एकटेपण खरं तर तिथलं जास्त बोचतं.

पायवाट

कृष्णविवर यांना अनुमोदन. फलक वाचायची सवय लावा. ईमेलवर येणाऱ्या सूचना कुणी उघडत नाही, आणि उत्तम व्याख्यानांना दहा डोकी असतात.

खडूफळा

मी बरीच वर्षं एका मोठ्या विद्यापीठात शिकवतो. उद्याचा_विद्यार्थी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तीनशे जणांच्या वर्गात मला समोरून चेहरे दिसतात, नावं लागत नाहीत. पण माझ्या खोलीच्या दारावर विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि परीक्षेच्या आदला आठवडा सोडला तर त्या वेळेत मी बहुधा एकटा बसलेला असतो. मुलांना वाटतं फक्त हुशारांनी जायचं असतं, किंवा फार अडलं तरच जायचं असतं. ज्यांचे आईवडील शिक्षक-प्राध्यापक, त्यांना घरातूनच ठाऊक असतं की ही वेळ आपल्यासाठीच राखलेली आहे. तुझ्यासारख्या मुलांना ते कुणी सांगत नाही, आणि विद्यापीठही धडपणे सांगत नाही. म्हणून मी पहिल्याच तासाला सांगतो आणि सत्रात पुन्हा पुन्हा सांगतो.

येताना एक प्रश्न आण. मोठा नको. "तुम्ही मंगळवारी फळ्यावर ही पायरी लिहिली, ती मला समजली नाही" एवढा पुरे. नाव सांग, कुठल्या विषयाचा ते सांग. दुसऱ्यांदा येशील तेव्हा मला तुझं नाव आठवेल. पुढे कधी शिफारसपत्र लागेल, प्रकल्पासाठी मुलगा हवा असेल, शिष्यवृत्तीची सूचना येईल, तेव्हा ज्यांची नावं आठवतात त्यांनाच मी कळवू शकतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. पण चालतं असंच, म्हणून तुला माहीत असलेलं बरं.

आता धाग्याच्या मुद्द्याकडे. कॅम्पस लहान करायचं सगळं ओझं अठरा वर्षांच्या मुलावर का? ते काम विद्यापीठाचंही आहे. १९६४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं. मागणी भाषणस्वातंत्र्याची होती, पण विद्यापीठ आपल्याला पंच कार्डावरचा (संगणकासाठीच्या भोकं पाडलेल्या कार्डावरचा) एक क्रमांक समजतं हा रागही त्यात होता. त्या वेळी तिथे साधारण २७००० विद्यार्थी होते. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सांताक्रूझचा परिसर १९६५मध्ये सुरू झाला. त्याची आखणी आधीच झालेली होती. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर आणि सांताक्रूझचे पहिले कुलपती डीन मॅकहेन्री यांचा विचार असा की विद्यापीठ वाढत गेलं तरी आतल्या विद्यार्थ्याला ते लहानच वाटावं. म्हणून सगळा परिसर छोट्या कॉलेजांमध्ये वाटला. प्रत्येकाची होस्टेलं वेगळी, जेवायची सोय आणि बैठकीच्या जागा जवळपास, काही शिक्षकही त्याच कॉलेजशी जोडलेले. मुलगा आल्या दिवसापासून आधी कॉलेजचा असतो, मग विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिज शेकडो वर्षं असंच चालत आलं आहे.

यासाठी इमारती पाडाव्या लागत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पंचवीस-तीसच्या तुकड्या करून प्रत्येक तुकडी सगळे तास एकत्र बसेल असं वेळापत्रक लावलं तरी पुष्कळ फरक पडतो. काम कार्यालयात बसून होण्यासारखं आहे. ते करायची इच्छा मात्र लागते, आणि ती मला अनेक ठिकाणी दिसत नाही.

सांजवेळ

सगळे होस्टेलचं बोलताहेत म्हणून लिहिते. मी घरून येऊन-जाऊन शिकले. जायला दीड तास, यायला दीड तास. माझा कॅम्पस संध्याकाळी पाचला संपायचा.

आणि होस्टेलवाल्यांचं सगळं पाचनंतर सुरू व्हायचं. नाटकाची तालीम, वादविवाद मंडळ, अभ्यासगट, रात्रीच्या गप्पा. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या गप्पांचे संदर्भ यायचे आणि मी नुसती ऐकत राहायचे. रानजाई, "एकच टेबल, एकच वेळ" हे मला जमण्यासारखं होतं, पण माझ्या वेळेला ते टेबल रिकामं असायचं.

विन्सेंट टिंटो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५मध्ये मांडलं की विद्यार्थी शिक्षण सोडतो की टिकतो हे तो विद्यापीठाच्या अभ्यासात आणि तिथल्या समाजजीवनात किती मिसळतो यावर बरंच अवलंबून असतं. त्यावर पुढे आक्षेप आले, त्यातला एक नेमका हाच होता की हे सगळं आवारातच राहणाऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. नोकरी करून शिकणारे, घर सांभाळून शिकणारे, रोज लांबून येणारे, यांना मिसळायला वेळच कुठे असतो? वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आपल्याबद्दलही बोललं.

मला मार्ग सापडला तो दुपारच्या मोकळ्या तासात. माझ्यासारख्याच येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुली होत्या, आम्ही विभागाच्या व्हरांड्यात एकत्र बसू लागलो. मग विभागप्रमुखांना अर्ज दिला की अभ्यासमंडळाची एक बैठक दुपारी ठेवा. ठेवली. पहिल्याच बैठकीला होस्टेलच्या मुलीही आल्या आणि त्यातल्या एकीशी माझी जी मैत्री झाली ती आजतागायत आहे. बैठकीची वेळ कुणीतरी सवयीने ठरवलेली असते. मागितली तर ती बदलते.

अंकमोड

सांजवेळ, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

अबोली२

रात्रीबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते.

मोठा कॅम्पस दिवसा जितका सुंदर तितकाच रात्री लांब होतो. झाडी, मोकळी मैदानं, दोन दिव्यांमधलं अंतर. आमच्याकडे लायब्ररी मध्यरात्रीपर्यंत उघडी होती आणि आतली बस त्याच्या खूप आधी बंद व्हायची. मग मुलींनी काय करावं? बस असेतोवर उठावं. मुलगे बसून राहत. कागदावर लायब्ररी सगळ्यांना सारखीच उघडी होती, अभ्यासाचे तास मात्र सारखे नव्हते. परीक्षेच्या महिन्यात हा फरक फार मोठा होतो.

आम्ही सुरुवात केली ती नकाशावर. संध्याकाळी चालत जाऊन कुठला दिवा बंद आहे, कुठे वळणावर काही दिसत नाही, हे खांबाच्या क्रमांकासह लिहून काढलं. "रात्री भीती वाटते" असा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला असता. "अमुक खांब ते तमुक खांब दिवे बंद" या अर्जावर विद्युत विभागाचा माणूस त्याच आठवड्यात आला. बसची वेळ वाढायला जास्त दिवस लागले, पण तीही वाढली, कारण लायब्ररीतून किती जण किती वाजता निघतात त्याची नोंद आम्ही ठेवली होती.

ज्यांना वाटतं बस हा प्रशासनाचाच विषय आहे त्यांच्यासाठी: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस परिसरात १९६८पासून विद्यार्थी संघटनेने सुरू केलेली बससेवा आहे. लंडनहून आणलेल्या दुमजली बस घेऊन सुरुवात केली आणि आजही त्या सेवेच्या बस मुख्यतः विद्यार्थीच चालवतात, रीतसर प्रशिक्षण घेऊन. गावातले लोकही त्याच बसने जातात.

तोवर एक साधी गोष्ट. लायब्ररीतून निघताना आपल्या दिशेला कोण जातंय हे विचारायला लाजू नका. आमच्या रात्रीच्या टोळ्या अशाच झाल्या.

चाकं

मी व्हीलचेअर वापरतो. रानजाई यांचं ८०० मीटरचं गणित माझ्यासाठी वेगळं आहे. अंतर मला अडवत नाही. तीन पायऱ्या अडवतात. उतार बांधलेला असतो, पण त्याच्या तोंडाशी कुणीतरी दुचाकी लावून गेलेलं असतं. पायवाट यांच्या लाडक्या पायवाटा तर माझ्यासाठी नाहीतच.

पण मोठ्या विद्यापीठाबद्दल माझ्या मनात एका माणसामुळे आदर आहे. एड रॉबर्ट्स. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ हलत नव्हतं, श्वासासाठी आयर्न लंग लागायचं. १९६२मध्ये ते बर्कलीत शिकायला आले. ते अवजड यंत्र मावेल असं होस्टेल नव्हतं, म्हणून कॅम्पसवरच्याच कॉवेल रुग्णालयात त्यांच्या राहण्याची सोय केली. पुढच्या काही वर्षांत तीव्र अपंगत्व असलेले आणखी विद्यार्थी तिथे आले. एकाच मजल्यावर राहणारी ही मुलं एकमेकांशी बोलू लागली, आणि त्यातून १९७०मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी त्यांनीच चालवलेलं मदतकेंद्र उभं राहिलं. मदतनीस मिळवून देणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं, राहण्याजोगं घर शोधणं, अशी कामं ते करायचं. तिथूनच १९७२मध्ये, अपंगांना स्वतःच्या बळावर राहता यावं म्हणून, बर्कलीचं स्वतंत्र जीवन केंद्र आलं आणि तशी केंद्रं पुढे जगभर झाली. छोट्या कॉलेजात रॉबर्ट्स कदाचित एकटेच राहिले असते. मोठ्या ठिकाणी त्यांच्यासारखे आणखी असू शकले, म्हणून पुढचं सगळं घडलं.

उद्याचा_विद्यार्थी आणि इतर नव्यांना सांगणं: तुमच्या वर्गात कुणी माझ्यासारखा असेल तर त्याला ढकलत नेण्याआधी विचारा. आणि वर्गाची खोली जिन्याने वरच्या मजल्यावर असेल तर तुम्ही सगळे मिळून खोली बदलून मागा. त्याने एकट्याने मागितली की ती सवलत ठरते, वर्गाने मागितली की नुसता खोलीबदल.

पायवाट

चाकं, हे वाचून पायवाटांबद्दल मी लिहिलं त्यात भर घालावीशी वाटते. मुलांच्या पायांनी पडलेली वाट दिसली की ती पक्की आणि सपाट करून मागावी. ज्या वाटेने शेकडो जण जातात ती तशीच खडबडीत ठेवण्यात काही अर्थ नाही.

उद्याचा_विद्यार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा सर, भेटायच्या वेळेबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. दोघांच्या खोलीचा पर्याय भरला. अजून एक विचारतो. सुट्टीत होस्टेल रिकामं होतं असं ऐकलं. माझं घर लांब आहे, प्रत्येक सुट्टीत जाणं परवडणार नाही. मागे राहिलं तर चालतं का?

रानजाई

चालतं, आणि तू एकटा नसशील. कृष्णविवर यांना उत्तर द्यायचं राहिलंय, ते आधी थोडक्यात देते. उघड्या दारांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मान्य आहे. माझ्या पाहण्यात मात्र असं आलंय की परक्या विभागाच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं धाडस ज्यांना होतं त्यांना संध्याकाळी "आज काय ऐकलंस" विचारणारं कुणीतरी असतं. ज्याला असं कुणीच नाही तो हळूहळू लेक्चरलाही जाईनासा होतो. म्हणून मी आधी टेबल म्हणते, मग दारं. तुमचा क्रम उलटा असेल आणि तो तुमच्या बाबतीत खरा ठरला असेल, तर तेही नव्या मुलांनी वाचावं.

कृष्णविवर

रानजाई, क्रमाबद्दल आपलं जमणार नाही बहुतेक. पण "आज काय ऐकलंस" विचारणारा माझ्याकडेही होता, माझा रूममेट. तो नसता तर मी कितपत फिरलो असतो, याचा विचार करायला हवा.

खडूफळा

सुट्टीबद्दल मी सांगतो, काही काळ वॉर्डन होतो म्हणून. परीक्षा संपायची वाट बघू नकोस. सुट्टीत राहायचा अर्ज आधीच द्यावा लागतो आणि तारीख उलटली की खोलीला कुलूप लागतं. बऱ्याच ठिकाणी मागे राहिलेल्यांना एकाच होस्टेलमध्ये हलवतात, तेव्हा सामान कुठे ठेवायचं तेही विचारून घे. मेस बंद असते किंवा एकच चालू असते, तिच्या वेळा लिहून घे. दवाखाना आणि लायब्ररीचे तासही कमी होतात. यातलं काही फलकावर लागतं, काही लागत नाही. होस्टेलच्या कार्यालयातल्या लिपिकांना जाऊन विचारलं तर सगळं कळतं, आणि एरवीही त्यांच्याशी ओळख असावी.

मागे राहणाऱ्यांत परदेशी विद्यार्थी असतात, लांबून आलेले असतात, संशोधन करणारे असतात. पहिल्याच दिवशी होस्टेलच्या दारावर कोऱ्या कागदावर आपलं नाव आणि खोली क्रमांक लिही आणि खाली जागा सोड. आमच्याकडे एका मुलीने असं केलं होतं. संध्याकाळपर्यंत कागद भरला आणि सगळे जेवायला एकत्र गेले. पुढच्या सुट्टीपासून तो कागद आम्ही कार्यालयातूनच लावू लागलो.

सांजवेळ

हा कागद येऊन-जाऊन शिकणाऱ्यांसाठी विभागाच्या व्हरांड्यातही लावता येईल. नाव, आणि कुठल्या वारी कुठल्या तासाला मोकळे ते. मी आमच्या विभागातल्या सध्याच्या मुलींना आजच कळवते.